इटालियन नाश्त्याला निघण्याआधी पोहे खाऊन घ्या

लेक पुण्याहून सुट्टीला आला की रविवारी तुम्हाला इटालियन हॉटेलात नाश्त्याला नेणारच. जळगावात राहून अजून पोहे-जिलबीवर भागवणं बरं दिसत नाही, असं त्याचं मत. तेव्हा काही गोष्टी आधीच समजून घ्या.

ते हॉटेल अकराला उघडतं. तुम्ही पाचला उठून मेहरूण तलावाला चक्कर मारून आलेले असता. म्हणून घरून बशीभर पोहे खाऊनच निघा, नाहीतर तिथली प्लेट बघून तोंडातून भलतंच काही जाईल. इटलीत कापुचिनो, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, ही सकाळची गोष्ट; दुपारी जेवणानंतर ती मागणारा हमखास परदेशी पाहुणा असतो. हे मॅनेजरला सांगू नका. त्याची सकाळ चार वाजेपर्यंत चालते.

आता मेनू. आपल्याकडे ‘लाटे’ म्हणजे दुधाळ कॉफी, पण इटालियन भाषेत ‘लाटे’ म्हणजे नुसतं दूध. इटलीत लाटे मागितलं तर पेलाभर दूध पुढ्यात येतं. ‘ब्रुशेटा’चा खरा उच्चार ब्रुस्केटा, पण तसं म्हणालात तर वेटर तुमची चूक सुधारेल आणि लेक मान खाली घालेल. त्यापेक्षा चुकीचंच म्हणा, पण छाती काढून.

येईल काय? भाजलेला पाव, त्याला चोळलेला लसूण, वर टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून गरिबाघरी निघालेली ही युक्ती. कळण्याची शिळी भाकरी चुलीवर कडक करून, वर लसणाची चटणी आणि कच्च्या तेलाची धार, असं तुमच्या मायनंही तुम्हाला दिलंय. फक्त त्याचे अडीचशे रुपये मागायचं तिला सुचलं नाही. जुनी माणसं, धंद्याचं डोकं नाही.

आणि नानांना नेऊ नका. आम्ही नेलं. कापुचिनोच्या फेसावर हॉटेलातल्या पोरानं मेहनतीनं पत्त्यांतला बदाम काढला होता, नानांनी तो बदामासकट बशीत ओतला, फुंकर मारली, मिशीला फेस लावून घेतला आणि वेटरला विचारलं, “भाऊ, बुडवाले टोस्ट शे का?” सुनेनं मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. आता गंमत बघा, इटलीत घरोघरी सकाळी हेच चालतं. ‘फेत्ते बिस्कोत्ताते’ म्हणजे आपला टोस्टच, दुधाळ कॉफीत बुडवायचा. बाहेर खायचं तर बारच्या (तिकडे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) काउंटरशी उभ्या उभ्या कॉफी, सोबत कोर्नेत्तो नावाचा गोड, क्रोसाँसारखा पाव, पाच मिनिटांत मोकळे. टेबलाशी बसलात तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे पडतात. थोडक्यात, त्या एसी हॉलमध्ये रीतीनं वागणारा इटालियन एकटे नानाच होते. अशी माणसं सोबत असली की शोभा जाते.

बिल आल्यावर जीएसटीचे अडीच-अडीच टक्के मोठ्यानं वाचू नका. “वाजवी आहे,” म्हणा आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या गुपचूप खिशात घाला.

उरलेले दोन तुकडे पार्सल करून घ्या. घरी माय डबा उघडून विचारेल, “हाई काय शे?” ब्रुशेटा म्हणून सांगा. ती बोटानं दाबून बघेल, शिळा पाव म्हणेल आणि गायीला घालायला निघेल. तेवढं मात्र दारातच अडवा. अडीचशेचा आहे.