‘मी पण!’ म्हणालात ना? मग पाठवा!

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या देशोदेशी पसरलेल्या ग्रुपवर विचारलं होतं, यंदा वर्षअखेरीला नावांच्या चिठ्ठ्या काढून एकमेकांना टपालानं गिफ्ट पाठवायची का? दहा मिनिटांत चौदा जणांचं ‘मी पण!’ आलं. हृदयं काय, फटाके काय, नाचणारी अस्वलं काय! आज जानेवारीची वीस तारीख. चौदातली नऊ पार्सलं पोचलीत. उरलेल्या पाचांचा हिशोब मी आज मांडणार आहे, कारण तीन महिने गोड बोलून माझं तोंड दुखायला लागलंय.

नुसते पत्ते गोळा करायला सव्वीस दिवस गेले. मेसेज वाचल्याच्या खुणा सगळ्यांच्या दिसतात, उत्तर कुणाचं नाही. एकानं गावाचं नाव आणि पिन कोड एवढंच पाठवलं. फोन नंबर द्यायला तर निम्मे जण तयार नाहीत. अरे, कस्टम्सनं पार्सल अडवलं तर ते फोन कुणाला करणार, मला? आणि एकीनं जुन्या घराचा पत्ता दिला. तिच्या नावाची चिठ्ठी निघाली, बिचाऱ्यानं पार्सल टाकलंही, मग ही सांगते, ‘अगं, ते घर मी ऑगस्टमध्येच सोडलं.’ ते पार्सल आता परतीच्या वाटेवर आहे. हे झालं पहिलं.

कस्टम्सचं मी किती वेळा लिहिलं असेल! सीएन २२ नावाचा फॉर्म असतो, तळहाताएवढा. हल्ली बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइनच भरतात, कारण ती माहिती पार्सलच्या आधी समोरच्या देशात जावी लागते. आत काय आहे, किती नग, वजन किती, किंमत किती, बस. ‘गिफ्ट’ची चौकट वेगळी असते, तिथे खूण करायची. पण वस्तूंच्या रकान्यात ‘गिफ्ट’ लिहून चालत नाही, तिथे ‘लोकरी मोजे, एक जोडी’ असं लिहावं लागतं. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं, पिन करून ठेवलं, आणि तरीही एका महाशयांनी सगळ्या रकान्यांत मिळून एकच शब्द लिहिला. गिफ्ट. ते पार्सल तीन आठवडे कस्टम्समध्ये पडून आहे. मी रोज सकाळी ट्रॅकिंग उघडते आणि रोज तीच एक ओळ वाचते. हे दुसरं.

तिसरं ऑस्ट्रेलियाला जाणारं होतं. तिथे बिया, सुकी पानंफुलं, गवत, कच्चं लाकूड यांवर जैवसुरक्षेची कडक तपासणी असते, हेही मी सांगितलं होतं. गिफ्टमध्ये तसलं काही नव्हतंच. पण डबा रिकामा वाटू नये म्हणून बाईंनी आत सुकं गवत भरलं! गेलं ते. कागद चुरगळून भरला असता तर आज ते कुणाच्या तरी टेबलावर असतं.

जी नऊ पोचली तीही सुखानं पोचली असं नाही. खर्चाची मर्यादा मी हवेतून काढली नव्हती. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेल्या गिफ्टवर ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आणि युरोपियन युनियनमध्ये ४५ युरोंपर्यंत कर लागत नाही, म्हणून त्या दोन्हींच्या आत बसेल असा आकडा ठरवला. एकाला तो कमी वाटला. ‘इतकं स्वस्त द्यायला मला बरं वाटत नाही,’ म्हणाला आणि दुपटीचं पाठवलं. त्याला बरं वाटलं, आणि जिला पाठवलं तिला दारात कर आणि वर हाताळणी शुल्क भरावं लागलं. ती विद्यार्थिनी आहे. तिनं गिफ्टचे आभार मानले आणि मला खासगीत विचारलं, पुढच्या वर्षी मी नसले तर चालेल का? दुसऱ्यानं कंटाळा म्हणून दुकानातूनच परस्पर पाठवून दिलं. दुकानानं पाठवलेली वस्तू कस्टम्सच्या लेखी गिफ्ट नसतेच! युरोपात तर १ जुलै २०२१ पासून २२ युरोंची जुनी सूटही गेली, बाहेरून मागवलेल्या कितीही स्वस्त वस्तूवर व्हॅट लागतो. तोही घेणाऱ्यानंच भरला.

अमेरिकेतल्या दोघांसाठी मी रात्री जागून नियम वाचले. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथली ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची आयात शुल्काची सूट बंद झाली, कितीतरी देशांच्या टपालखात्यांनी काही काळ तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं होतं. खऱ्या गिफ्टला १०० डॉलरपर्यंत सवलत आहे हे शोधून, सोप्या शब्दांत लिहून मी ग्रुपवर टाकलं. त्यावर एक अंगठा आला. एक.

चौथ्या पार्सलवाल्यानं १९ डिसेंबरला विचारलं, ‘आज टाकलं तर पोचेल ना?’ शेवटची तारीख १० नोव्हेंबर होती रे बाबा, १० नोव्हेंबर!

पण हे सगळं मी गिळलं असतं. पत्ता चुकतो, फॉर्म चुकतो, कामात तारीख निसटते. पाचव्याचं मात्र गिळणार नाही. त्याच्या वाट्याला जी आली होती तिनं स्वतः महिनाभर बसून दुसऱ्या कुणासाठी मफलर विणला, वेळेच्या आधी पाठवला, फॉर्मवर लोकरीचा प्रकारसुद्धा लिहिला. ग्रुपवर एकेक जण आपलं गिफ्ट उघडतानाचे फोटो टाकत होता आणि ही प्रत्येक फोटोवर ‘किती सुंदर!’ लिहीत होती. तिच्याकडे काहीच आलं नव्हतं. मी त्याला चार वेळा ट्रॅकिंग नंबर मागितला. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. तेरा खुणा फक्त. आधी म्हणाला पावती सापडत नाही, मग म्हणाला साध्या टपालानं टाकलं, आणि काल रात्री खरं काय ते लिहिलं: ‘राहूनच गेलं गं. तू तिला पोस्टात हरवलं म्हणून सांग ना.’

मी सांगू? जिनं महिनाभर लोकर हातात धरली तिच्याशी मी खोटं बोलू, म्हणजे तुझी मान खाली जायला नको? आणि ज्या टपालानं नऊ पार्सलं समुद्र ओलांडून नीट नेली त्याच्या माथी हे मारू?

मी तिला आज सकाळी खरं सांगितलं. दुपारी जाऊन माझ्याकडून एक पार्सल टाकलं, फॉर्म नीट भरून, आणि नंबर तिला पाठवला. ‘तू कशाला गं?’ एवढंच तिचं उत्तर आलं. त्याच्याकडून अजून तिला एका ओळीचा मेसेजही गेलेला नाही. तो ऑनलाइन आहे, मला दिसतंय.