जिवंत राहिलास ना, मग भरपाई कसली?

पोलिसांच्या मारात माणूस मेला तर कधीतरी, कुठल्यातरी कोर्टात भरपाई मिळते. वाचला तर त्याच्यावरच तीनशे त्रेपन्न, म्हणजे 'शासकीय कामात अडथळा' आणल्याचं कलम, लागतं. पोस्ट लांबली आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद तेवढे वाचा, ते कामाचे आहेत.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. परवा गावच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "अटकेत हात मोडला म्हणून कोण पैसे मागतं का? गुन्हा केला नसता तर मोडला असता का?" त्याखाली टाळ्यांची रांग लागली. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोघे मास्तर आणि एक माजी सरपंच. ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, अटक म्हणजे संशय. गुन्हा केला की नाही ते कोर्ट ठरवणार. आणि गुन्हा शाबित झाला तरी आपल्या कायद्यात हात मोडायची शिक्षाच नाही. जी शिक्षा सेशन जज्ज देऊ शकत नाही, ती हवालदाराने रस्त्यावर द्यायची, हा कुठला न्याय?

आता पोलिसांची बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. अटक करायला गेलेल्या माणसावर कोयता उगारला जातो, दगड येतात, बायकापोरं अंगावर धावतात. वारीच्या बंदोबस्तात दिवस-दिवस उभं राहून आलेला शिपाई रात्री पुन्हा समन्स घेऊन निघतो, हे मी रोज बघतो. म्हणूनच कायद्याने त्याला बळ वापरायची मुभा दिलीय. आरोपी जबरदस्तीने प्रतिकार करत असेल तर अटकेसाठी लागेल ते सगळं करता येतं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३. पण त्याच संहितेचं कलम ४६ सांगतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. म्हणजे माणूस ताब्यात येईपर्यंतची झटापट एक आणि ताब्यात आल्यानंतरची काठी दुसरी. पहिलीबद्दल मी पोलिसांच्या बाजूने उभा राहीन. दुसरीला कुठल्याही कायद्याचा आधार नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जखमा या दुसऱ्या काठीच्या असतात.

माझ्या एका पक्षकाराचं सांगतो, नाव-गाव सोडून. डाळिंबाचे क्रेट वाहणारा टेम्पोवाला. बांधावरून भावकीत मारामारी झाली, समोरच्यांनी फिर्याद दिली, रात्री गाडी दारात आली. याने विचारलं, "कुठल्या गुन्ह्यात नेताय?" तेवढ्यावरून सुरुवात झाली. ग्रामीण रुग्णालयात मेडिकलला नेलं, तिथल्या कागदावर लिहिलंय: 'डावा हात, सूज. साधी दुखापत. कारण: पळताना पडल्याने.' एक्स-रे नाही. चार दिवसांनी जामिनावर सुटला तेव्हा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पडला होता. खासगी हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला, तर करंगळीच्या बाजूचं हाड बरोबर मधोमध मोडलेलं.

इथे जरा थांबा. माणूस पळताना पडला तर तो तळहात टेकून पडतो, आणि सहसा मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड जातं. करंगळीच्या बाजूचं एकच हाड मधेच मोडतं, ते बहुतेक वेळा डोक्यावर येणारा घाव हात आडवा धरून अडवला तेव्हा. उभे राहा आणि डोकं वाचवायला हात वर करून बघा, काठीसमोर कोणती बाजू येते ते कळेल. हे कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाला माहीत असतं. पण रात्री अकरा वाजता पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीचं पत्र, हातात, दारात दोन शिपाई आणि बाहेर प्रसूतीची बाई ताटकळलेली, अशा वेळी ड्यूटीवरचा कोवळा डॉक्टर 'साधी दुखापत' लिहून मोकळा होतो.

आणि खटल्याचा निकाल तिथेच लागतो. पुढे हायकोर्टात नामांकित वकील उभा करा, सरकारी वकील तोच कागद पुढे सरकवणार.

खरं म्हणजे कायदा इथे चांगला आहे. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, जखमा आणि माराच्या खुणा लिहिल्या पाहिजेत, त्या साधारण कधी झाल्या तेही लिहिलं पाहिजे, आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला दिली पाहिजे. संहितेचं कलम ५३. इतक्या वर्षांत मी मागितल्याशिवाय प्रत हातात पडलेली एकदाही पाहिली नाही.

खटला हातचा जातो ती दुसरी जागा रिमांडची, म्हणजे कोठडीसाठी आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तिथली. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. त्यात स्पष्ट आहे की समोर आणलेल्या आरोपीला पोलीस कोठडीत मारहाण झाली का, हे मॅजिस्ट्रेटने विचारायचंच. विचारतातही. "पोलिसांबद्दल काही तक्रार?" आरोपी म्हणतो, "नाही साहेब." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, 'तक्रार नाही' उमटतं आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं. फक्त एवढंच कुठे लिहिलं जात नाही की ज्याने मारलं तो आरोपीच्या मागे हातभर अंतरावर उभा आहे, आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली तर रात्री याला त्याच्याच ठाण्यात परत जायचंय.

आता पैशाचं. पूर्वी मामला असा होता की पोलिसांनी अधिकार वापरताना नुकसान केलं तर सरकार म्हणायचं, हे सार्वभौम काम, म्हणजे राज्यसत्तेचं काम, आम्ही देणं लागत नाही. कस्तुरीलाल खटल्यात सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. तिथे तर मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मालखान्यातून घेऊन एक हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला होता! १९८३ मध्ये रुदुल साह खटल्यात वारं फिरलं. निर्दोष सुटूनही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात सडलेल्या माणसाला कोर्टाने थेट राज्यघटनेखाली भरपाई दिली. मग १९९३ चा नीलाबती बेहेरा निकाल आला. ओडिशातल्या पोलीस चौकीत नेलेला २२ वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. आईने कोर्टाला पत्र लिहिलं, तेच याचिका मानलं गेलं आणि दीड लाखाची भरपाई मिळाली. मूलभूत हक्क तुडवले गेले तर 'सार्वभौम काम' ही ढाल चालणार नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं.

ही यादी वकिलांना पाठ असते. तिच्यात एक गोष्ट खटकते ती म्हणजे हिशेब. १९८५ मध्ये काश्मीरच्या एका आमदाराला विधानसभेत जाता येऊ नये म्हणून अडकवून ठेवलं, त्याचे ५०,००० रुपये. चार वर्षांनी दिल्लीत भाडेकरूच्या भांडणात आईला बिलगलेला नऊ वर्षांचा पोर पोलिसांच्या मारात गेला, त्याचे ७५,०००. कुठल्या मापाने?

माझ्या टेम्पोवाल्याचा हात एसटीच्या धडकेने मोडला असता तर मला डोकं खाजवावं लागलं नसतं. मोटार अपघात न्यायाधिकरण आहे, उत्पन्न किती, अपंगत्व किती टक्के, वयानुसार गुणक किती, याचे ठोकताळे सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलेत. दवाखान्याची बिलं, बुडालेली कमाई, वेदना, सगळ्याला रकाना आहे. गियर डाव्या हाताने टाकावा लागतो, त्या हातात प्लेट आणि स्क्रू आहेत, महिनोन्महिने टेम्पो दारात उभा आणि फायनान्सवाला रोज फोन करतोय, हे सगळं तिथे आकड्यात बसतं. तोच हात काठीने मोडला तर न्यायाधिकरण नाही, गुणक नाही. हायकोर्टाला वाटलं तर, वाटेल तेवढं. माझी मागणी साधी आहे: पोलिसांच्या मारातल्या जखमांना अपघाताचाच हिशेब लावा. निदान एसटीखाली सापडलेल्या माणसाइतकी तरी किंमत द्या.

संहितेत भरपाईचं एक कलम आहे म्हणा. ३९९. विनाकारण अटक झाल्यास भरपाई, जास्तीत जास्त १,००० रुपये! तेही पोलिसांनी नाही, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने द्यायचे. जुन्या कायद्यात हा आकडा २००५ च्या दुरुस्तीत शंभराचा हजार झाला होता. २०२३ मध्ये अख्खी संहिता नवी लिहिली, हजार तसाच ठेवला.

आणि जिवंत माणसाची खरी अडचण अजून वेगळीच. मेलेल्याचं प्रेत बोलतं. धडधाकट आत गेला, मेलेला बाहेर आला, मग कसं ते सरकारने सांगावं. जिवंत माणसाला मात्र काठी कोणाची, कधीची, कुठल्या झटापटीतली, हे सगळं स्वतः शाबित करायचं असतं, आणि साक्षीदार कोण, तर ठाण्यातलेच. पोलीस सहकाऱ्याविरुद्ध सहसा तोंड उघडत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानेच १९९५ मध्ये श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात लिहून ठेवलंय. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९८५ मध्ये, विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालाने उपाय सुचवला होता: कोठडीत असताना जखम झाल्याचा पुरावा असेल तर ती पोलिसांनी केली असं कोर्टाला गृहीत धरता यावं, त्यांनी केली नसेल तर तसं त्यांनी दाखवावं. पुराव्याच्या कायद्यात एका कलमाची भर घालायची होती. २०२३ मध्ये पुराव्याचा कायदाही नवा आला. ते कलम त्यातही नाही.

बरं, इकडे तक्रार दिली की तिकडे 'शासकीय कामात अडथळा' तयार. जुन्या दंड संहितेचं ३५३, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं १३२. माझ्या पक्षकारावरही आहे. मग मध्यस्थ येतो, कधी पुढारी, कधी आमच्यातलाच एखादा वकील. "तुम्ही हायकोर्टातलं मागं घ्या, आम्ही इकडचं बघतो." याने अजून मागे घेतलेलं नाही. बायको म्हणते घ्या. तिला मी चूक म्हणू शकत नाही, हप्ता तिला भरायचाय.

भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून, आणि मारणारा बदली घेऊन निवांत. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाने सरकारला ती रक्कम दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करायची मोकळीक दिलीय. मोकळीक नको, सक्ती हवी. पगारातून दरमहा कापली गेली की पुढची काठी उचलायला आपोआप जड होईल.

आता कामाचं. घरातलं कोणी अटकेत असेल आणि मार लागला असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर तोंडाने सांगा: कुठे मारलं, कशाने मारलं, पुन्हा तपासणी आणि एक्स-रे हवाय. ते रोजनाम्यात लिहून घ्या म्हणावं. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मागा, फुकट असतो. मेडिकलच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज द्या. जखमांचे फोटो रोज काढा, वळ रंग बदलतात आणि त्यावरून मार कधीचा याचा ढोबळ अंदाज येतो. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच करा. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे ते किमान वर्षभर ठेवायचं असतं. "त्या दिवशी कॅमेरा बंद होता" हे उत्तर येईल, तेही लेखी घ्या, पुढे उपयोगी पडतं.

मुदती विसरू नका. मानवी हक्क आयोग घटनेला वर्ष उलटल्यावर चौकशी करत नाही. तिथे फी नाही, मराठीत अर्ज चालतो, आयोग भरपाईची शिफारस करतो. दिवाणी दावा करायचा तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सहा महिन्यांची मुदत घालतं. मारहाण हे कर्तव्यच नव्हे, म्हणून ते लागू नाही असा वाद घालता येतो, पण वाद घालण्यापेक्षा मुदत पाळा. त्याआधी पोलिसाला एक महिन्याची आणि सरकारला दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे हातात उरतात चारच महिने. हायकोर्टात रिट, म्हणजे मूलभूत हक्क तुडवल्याबद्दलची थेट याचिका, करायची तर सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई गाठायची गरज नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती घ्या, आणि मूळ एक्स-रे कोणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही.