टेराहर्ट्झ मशीन लॅबची सुट्टी करणार? द्राक्ष बागायतदारांसाठी खुलासा

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: दोन लेझर एकत्र करून टेराहर्ट्झ किरण (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या लहरी) काढणारं मशीन आलंय, लेझर घडावर मारला की ते एक्स-रेसारखं आरपार बघतं, फवारलेल्या औषधाचे अंश लगेच दाखवतं, लॅबला सॅम्पल पाठवायची गरज नाही. फक्त तो माल खाऊ नये, लासलगावच्या कांद्यासारखा ‘रेडिएशनचा’ होतो. खरं-खोटं इतकं कालवलंय की सुटं करूनच बघावं लागतं.

दोन लेझर, हे खरं. एकाची तरंगलांबी 1550 नॅनोमीटर ठेवली, दुसऱ्याची साधारण 8 नॅनोमीटरने वेगळी, आणि दोन्ही एका फायबरमध्ये सोडले, की प्रकाशाची तीव्रता त्यांच्या वारंवारतेतल्या फरकाने कमीजास्त होते. तंबोऱ्याच्या दोन तारा पुरत्या जुळल्या नाहीत की आवाज हेलकावतो, तसंच. फक्त इथे हेलकावे सेकंदाला एक लाख कोटी, म्हणजे 1 टेराहर्ट्झ. हा प्रकाश इंडियम गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या चिपवर पडतो, तिच्यातला प्रवाह त्याच ठेक्यात वरखाली होतो आणि चिपवरचा अँटेना ती लहर बाहेर सोडतो. लेझरचं तापमान एका अंशाने बदललं तर वारंवारता सुमारे 12 गिगाहर्ट्झने सरकते. म्हणून तापमान हळूहळू चढवत नेमकी हवी ती वारंवारता गाठता येते, आणि कुठली वारंवारता किती शोषली जाते यावरून पदार्थ ओळखणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांना याच गोष्टीचं आकर्षण आहे. थोडक्यात, लेझर चिपवरच थांबतो, घडावर जातच नाही. बाहेर पडते ती लहरही 1 टेराहर्ट्झच्या आसपास मायक्रोवॅटच्या घरातली.

‘एक्स-रेसारखं’ आणि ‘रेडिएशनचा माल’ हे दोन्ही एका आकड्यात निकालात निघतं. या लहरीच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा सुमारे 0.004 इलेक्ट्रॉनव्होल्ट, एक्स-रेच्या फोटॉनची हजारो. एवढ्याशा ऊर्जेने एक्स-रेसारखा अणूतून इलेक्ट्रॉन सुटत नाही. राहता राहिलं लासलगाव. तिथल्या ‘कृषक’ केंद्रात 2002पासून कोबाल्ट-60चे गॅमा किरण वापरतात, कांद्याला कोंब फुटू नये म्हणून. तो कांदाही किरणोत्सारी होत नाही. लासलगावचं नाव उगाच ओढलंय.

खरी गोम पाण्यात आहे. टेराहर्ट्झ लहर कागद, प्लॅस्टिक, सुकं कापड यांतून सहज जाते. पाणी मात्र तिला गिळून टाकतं. 1 टेराहर्ट्झची लहर पाण्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागातच मंदावून संपत येते, आणि द्राक्षाच्या मण्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. आरपार कसलं, सालीखाली शिरतानाच दम निघतो. हवेतली वाफसुद्धा आडवी येते: 0.557, 0.752, 0.988 टेराहर्ट्झ या वारंवारतांना वाफ लहरीला ठळकपणे शोषते. म्हणून प्रयोगशाळेत लहरीचा मार्ग कोरड्या हवेने किंवा नायट्रोजनने भरून ठेवतात. पॅकहाऊसमध्ये, ओल्या क्रेटशेजारी, हे कसं जमवणार?

आता अंशांचं. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते. औषधांचे टेराहर्ट्झ वर्णपट (कुठल्या वारंवारतेला किती शोषण, याचे आलेख) घेतलेत, पण ते सहसा शुद्ध भुकटी पॉलिथिलीनमध्ये मिसळून दाबलेल्या गोळ्यांवर. ओल्या सालीवरचा नखभर डाग आणि ती गोळी यांत केवढं अंतर! लॅबमध्ये द्राक्षं वाटून, अर्क काढून, मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून, एकेक औषध ओळखतात. कटकटीचं आहे, पण 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा भांडण एवढ्याशाच अंशांचं होतं.

हे तंत्र शेतीला निरुपयोगी आहे, असं मात्र नाही. पाणी लहर गिळतं, म्हणूनच पानात किती पाणी आहे हे पान न तोडता मोजता येतं, आणि त्यावर संशोधन झालेलं आहे. ठिबक केव्हा सोडायचं, या प्रश्नाशी त्याचा संबंध लागू शकेल.

कोणी हे मशीन विकायला आलंच, तर ताज्या घडांवर, धुतलेल्या आणि फवारलेल्या अशा दोन्ही, चालवून दाखवायला सांगा, आणि त्याच घडांचं सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबला पाठवा. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पैसे काढू नका.