नकार तोंडी, अर्ज मात्र आपल्या अक्षरात

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगते. ज्यांची मुलं आरामात शाळेत जातात-येतात त्यांनी पण वाचा प्लीज, कारण तुमच्याच मुलाच्या वर्गातलं एखादं मूल दिवाळीनंतर दिसेनासं होतं आणि तुम्हाला कळतं की "त्यांनी शाळा बदलली".

बदलली नसते हो. बदलायला लावलेली असते. आमचा एक ग्रुप आहे, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे आणि थोडे ठाण्याचे, सगळे स्पेशल मुलांचे आईबाप, कुणाला ऑटिझम, कुणाला डाऊन सिंड्रोम, कुणाला एडीएचडी, कुणाला नुसतंच "स्लो आहे" म्हणून सांगितलेलं. त्यात बऱ्याच जणांकडे हाच किस्सा आहे, शाळेचं नाव तेवढं वेगळं.

आधी फोन येतो, "मॅडम जरा येऊन जा". फोन आईलाच येतो, बापाचा नंबर फॉर्मवर पहिला असला तरी. केबिनमध्ये प्रिन्सिपल, कोऑर्डिनेटर, क्लास टीचर, काउन्सेलर असे सगळे बसलेले. "खूप गोड आहे हां तुमचा मुलगा" अशी सुरुवात झाली की समजून जायचं. मग हळूहळू, एका जागी बसत नाही, कान झाकून ओरडतो, बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतायत, आमच्याकडे स्टाफ ट्रेन्ड नाही, त्याच्या भल्यासाठीच सांगतोय, त्याला न्याय मिळेल अशी शाळा बघा. आणि शेवटी कोणीतरी एकदम मायेने म्हणतं की एलसीचा अर्ज देऊन टाका, आम्ही लगेच करून देतो, रिमार्क वगैरे काही टाकत नाही. आई बिचारी तिथेच शाळेने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर लिहिते, "घरगुती कारणास्तव माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही नम्र विनंती".

झालं की. रेकॉर्डवर काय राहिलं? शाळेने कोणालाही काढलं नाही. आईने स्वतः मागितलं, स्वतःच्या अक्षरात, खाली सही आणि तारीख.

आमच्या वेळी माझ्या नवऱ्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला मॅडम, तुम्ही काय बोललात ते लेटरहेडवर लिहा, आम्ही घेतो. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग "नाही नाही, तसं नाही म्हणायचंय आम्हाला". तसंच म्हणायचं होतं!

आता कायद्याचं बघा, आणि कंटाळू नका. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आपली मुलं त्यात स्पष्टपणे आली. त्यात लिहिलंय की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून तर कोणी काढत नाही, अर्ज लिहून घेतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते ते २१ झाले, ऑटिझम आणि लर्निंग डिसेबिलिटी नावासकट आत आले. त्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांना लागू आहे, म्हणजे तुमची ती चकाचक प्रायव्हेट शाळा पण आली. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या. आणि कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच्या पसंतीच्या! विशेष शाळेत जायचं की नाही हे मूल आणि त्याचं घर ठरवणार, कोऑर्डिनेटर मॅडम नाही.

विशेष शाळा वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. वाशीला सेक्टर ३० मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे, असं जवळ काही असणं म्हणजे काय ते मुरबाड-शहापूरकडच्या आईला विचारा. काही मुलांना तिथेच फुलताना पाहिलंय. पण आपण निवडून जाणं वेगळं आणि ढकलून पाठवणं वेगळं.

बरं, नियम इतके भराभर बदलतायत की आईबापांनी नोकरी करायची, थेरपी करायची की जीआर वाचायचे? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या, म्हणजे वंचित आणि गरीब मुलांसाठी राखीव, २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. दिव्यांग मुलं त्या जागांमध्ये वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही, हे अजून कितीतरी पालकांना माहीतच नाही. नवी मुंबईत किलोमीटरच्या आत शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा, म्हणजे जवळपास सगळंच बंद. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो नियम रद्द केला म्हणून वाचलो, पण मधले ते महिने ग्रुपवर नुसती धावपळ.

मग पाचवी-आठवीची परीक्षा. केंद्राने २०१९ मध्ये आरटीईत बदल करून नापास करायची मोकळीक राज्यांना दिली, आपल्याकडे २०२३ मध्ये तो नियम आला. फेरपरीक्षा आहे, ठीक आहे. पण केबिनमध्ये एक नवीन वाक्य आलं ना, "बघा हं, पाचवीत अडकेल तो". २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्टिफिकेटचे नियम बदलले, हॉस्पिटलला दिव्यांग प्रमाणपत्र द्यायला आधी एक महिना होता तो तीन महिने केला. इकडे आरटीईचा फॉर्म भरायची मुदत काही आठवडे. हे हिशोब कोण करतं मला खरंच भेटायचंय त्याला.

आणि २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा! एप्रिल ते जून सगळं फेसबुक पेटलं होतं, मराठी अस्मिता, हिंदी सक्ती, शेवटी जूनअखेर दोन्ही जीआर मागे घेतले. मी पण मराठीच्या बाजूनेच होते. पण त्या सगळ्या भांडणात, ज्या पोराला सहाव्या वर्षी एका भाषेत "पाणी" म्हणायला स्पीच थेरपिस्ट लागते त्याचं काय, हे एकाने विचारलं नाही. ना या बाजूने ना त्या.

शॅडो टीचरबद्दल, म्हणजे वर्गात फक्त आपल्या मुलासोबत बसणाऱ्या मदतनीस टीचरबद्दल, तर वेगळी पोस्ट होईल. "शॅडो आणा तर ठेवतो" असं शाळा सांगते, पगार आपण द्यायचा, वर फी पूर्ण भरायची. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मागे एक, आणि मार्च २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना पदं जाहीर करून भरती सुरू करायला सांगितलं. आपल्याकडे राज्याने केंद्रस्तरावर विशेष शिक्षक द्यायचं ठरवलंय. केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे, कितीतरी शाळांचा गट. त्या एका ताईने कुठे कुठे धावायचं?

क्लास टीचरला शिव्या देऊ नका हे पण सांगते. पन्नासच्या आसपास मुलांचा वर्ग, मदतीला कोणी नाही, पोर्शन पूर्ण नाही झाला की वरून बोलणी. आमच्या लेकाची एक टीचर बाहेर कॉरिडॉरमध्ये रडली होती माझ्याजवळ, म्हणाली मला येतच नाही हो याला शिकवायला, कोणी शिकवलंच नाही मला. खरं बोलली. त्या केबिनमध्ये एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कायदा हळूहळू बरा होतोय पण नकार तोंडी असतो, आणि तोंडी नकाराला कुठलंच कलम लावता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारापर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड लिहिलाय, पण पुरावा म्हणून काय दाखवणार, आईचा एलसीचा अर्ज? म्हणून मीटिंगमधून बाहेर आल्यावर रिक्षात बसल्या बसल्या मेल टाका, "आज आपण असं असं सांगितलंत, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवा". अर्ज दिला की पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट. उत्तर नाही आलं तर महापालिकेचा शिक्षण विभाग, मग पुण्याला दिव्यांग आयुक्त.

आता तुम्ही म्हणाल एवढं सोपं असतं तर सगळ्यांनी केलं असतं. नाहीच आहे सोपं. घणसोलीच्या एका मैत्रिणीने लेटर दिलं, शाळेने मूल ठेवलं, पण नंतर ते रोज शेवटच्या बाकावर, पिकनिकला "त्याला झेपणार नाही", गॅदरिंगला "त्याला आवाज सहन होणार नाही". आणि आपलं पोर घरी येऊन सांगू शकत नाही ना! दुसऱ्याचं मूल सांगेल की टीचर आज ओरडली, बाहेर उभं केलं, डबा खाऊ दिला नाही. माझा लेक काही सांगत नाही, रात्री झोपत नाही एवढंच, आणि मी अंदाज लावत बसते. शाळेशी भांडलो तर सहा तास तो त्यांच्याच हातात असतो, ही भीती आहे. सासूबाई म्हणतात, "जाऊ दे गं, देवाचं लेकरू आहे, देव बघेल". त्यांच्यावर राग नाही माझा, पण देवाला शाळेत इनवर्डचा शिक्का मारता येत नाही.

म्हणून एकट्याने लिहू नका. आम्ही ठरवलंय की यापुढे कोणाच्याही शाळेला पत्र गेलं की त्यावर ग्रुपमधल्या इतरांच्या पण सह्या असतील, म्हणजे शाळेला एक आई दिसणार नाही. शिवाय ते "घरगुती कारणास्तव" वाले अर्ज गोळा करतोय. तुमच्याकडे झेरॉक्स किंवा फोटो असेल तर मुलाचं नाव झाकून पाठवा. आत्तापर्यंत आलेत त्यात बऱ्याच अर्जांची भाषा शब्दाला शब्द सारखी आहे, शाळा वेगवेगळ्या असून. ते शिक्षण विभागात एकत्र नेऊन ठेवायचेत.

पत्राचा नमुना मराठीत आणि इंग्रजीत तयार आहे, इनबॉक्स करा. रविवारी संध्याकाळी वाशीला मिनी सीशोअरला भेटतोय, मुलांना घेऊन या, कोणी ओरडलं, लोळलं, पळालं तरी तिथे कोणी वळून बघणार नाही. पाण्याच्या बाजूला दोन बाबालोक उभे ठेवणार आहोत.