चार ओव्यांच्या पुढचं ख्रिस्तपुराण

दरवर्षी 27 फेब्रुवारी जवळ आली की फादर स्टीफन्सची ओवी सगळीकडे फिरू लागते. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी’. एका इंग्रज पाद्र्याने मराठीचं कौतुक केलं म्हणून आपण सुखावतो आणि पुस्तक मिटतो. सुमारे 11,000 ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराण’ या ग्रंथातल्या चार ओव्या आपल्याला पुरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवा धर्म एखाद्या भाषेत शिरतो तेव्हा भाषेचं काय होतं आणि त्या धर्माचं काय होतं, हे पाहायला मराठीत याच्याइतकं जुनं आणि सविस्तर दुसरं पुस्तक नाही.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघातला. ऑक्टोबर 1579 मध्ये तो गोव्यात उतरला, पुढची सारी हयात त्याने मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टीत काढली आणि 1619 मध्ये वारला. लोक त्याला पाद्री एस्तेव्हाँव म्हणत. ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, मग 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्यावरून 1907 मध्ये जोसेफ सालढाणांनी मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली.

हो, रोमन लिपीतली. मराठी पुराण रोमन अक्षरांत का, याचं उत्तर छापखान्यात आहे. 1608 च्या पत्रात स्टीफन्स आपल्या वरिष्ठांना लिहितो की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात 24 अक्षरांवर भागतं तिथे इथे सुमारे 600 साचे लागतील. एकेका जोडाक्षराचा वेगळा खिळा म्हटल्यावर खर्च आणि कारागीर आणायचे कुठून? ते कधी जमलंच नाही. म्हणून पोर्तुगीज वळणाच्या रोमन अक्षरांत मराठी बसवली गेली.

ही बसवणूक समजून घेतली नाही तर वाचताना हमखास घोटाळा होतो. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी टी, डी, एन, एल ही अक्षरं दोनदा लिहिलेली असतात. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला एकटा एस ‘झ’सारखा वाजतो, म्हणून ‘भासा’ लिहिताना एसही दोनदा येतो. सी या अक्षरापुढे इ किंवा ए आला की उच्चार ‘स’ होतो, म्हणून ‘कि’ लिहिताना सीऐवजी क्यू आणि यू. एल दोनदा पाहून कुणी ‘ल्ल’ वाचलं तर ओवीच मोडते. अशा वेळी यमकाचा आधार घ्यावा. ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांचा शेवट जुळणारा, चौथा आखूड. किळा, निळा, चोखळा: तिन्हीकडे ळ. देवनागरी आवृत्तीत एखाद्या चरणाशेवटी ल आणि शेजारी ळ दिसला तर लिप्यंतर चुकलं असण्याची शंका घ्यायला हरकत नाही. आणि ‘हरळ’ म्हणजे हरळी गवत नव्हे, बारीक खडे. खड्यांमध्ये चमकणारं रत्न, असा तो दृष्टान्त आहे.

आता गाभ्याची गोष्ट. ग्रंथाची सुरुवात ‘ओं नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था’ अशी आहे. ज्ञानेश्वरीचं ‘ओं नमो जी आद्या’ ज्यांच्या कानात आहे त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल, आणि ते तसं वाटावं हीच रचनेमागची योजना आहे. ग्रंथाचे दोन भाग: पहिलं पुराण बायबलच्या जुन्या कराराचं, दुसरं येशूचं. अध्यायांना ‘अवस्वर’ म्हटलंय. स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण आपल्या पाद्री गुरूला विनवतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, आता त्या जागी वाचायला काहीतरी द्या.

या विनंतीमागचं वास्तव झाकून हा ग्रंथ वाचता येत नाही. केळशीची शांतादुर्गा आणि कुठ्ठाळीचा मंगेश 1560 च्या दशकात भाविकांनी खाडीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. साष्टीतली देवळं पाडली गेली. 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्धच्या वर्तनाला शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय होतं. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या गांवकारांना, म्हणजे गावप्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. ज्या सत्तेने पुराणं काढून घेतली, तिच्याच सावलीत हे पुराण लिहिलं गेलं. म्हणून मला ‘धार्मिक सलोख्याचं प्रतीक’ ही बिरुदावली खोटी वाटते. आणि ‘नुसता धर्मांतराचा डाव’ म्हणून ते बाजूला सारणंही तितकंच खोटं, कारण डावासाठी कुणी असा दम टिकवून ओव्या रचत नाही. शेजारी एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचं पीटरपुराण ठेवून पाहा (दोन भाग, 1629 आणि 1634). तेही ओवीबद्ध, पण त्याचा भर हिंदू देवतांच्या खंडनावर. दोघांचा धर्म एक, संघ एक, छंद एक. सूर मात्र वेगळा.

भाषेबद्दलही स्टीफन्स प्रामाणिक आहे. प्रस्तावनेत तो सांगतो की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाळून ठायी ठायी सोप्या ‘ब्राह्मण भाषे’चे शब्द मिसळले. ही ब्राह्मण भाषा म्हणजे कोकणी. त्याने कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. तेव्हा ‘हे मराठीचं की कोकणीचं’ या भांडणाचं उत्तर त्यानेच देऊन ठेवलंय. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून तीन वर्षांत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असं ठरवलं. पाद्र्याने जी भाषा उचलून धरली तीच राज्याने नको म्हटली, हे शाळेत कुणी शिकवत नाही.

वाचायचं कसं? 1956 ची शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती ग्रंथालयांत मिळू शकते, 1996 ची कारिदाद द्रागोंची आहे. नवख्या माणसाने 2009 ची नेल्सन फाल्कांव यांची घ्यावी, त्यात आजच्या मराठीतलं गद्य सोबत आहे. लंडनला देवनागरीतलं एक हस्तलिखित आहे, मार्सडेन संग्रहातलं. त्याच्याकडे जस्टिन अॅबट यांनी लक्ष वेधलं. रोमन पाठात जिथे पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तिथे या हस्तलिखितात बरेचदा संस्कृत शब्द दिसतात. मूळ कोणतं यावर वाद आहे, म्हणून कुठलाही शब्द ‘स्टीफन्सचा’ म्हणून उद्धृत करण्याआधी पाठ कोणता ते लिहावं.

पहिल्या पानापासून सलग वाचू नका, दमाल. भाषेच्या स्तुतीनंतर थेट दुसऱ्या पुराणात येशूच्या जन्माकडे जा. एका बैठकीला 40-50 ओव्या पुरे, आणि मोठ्याने वाचा. ‘मयोरु’, ‘थोरु’ अशा उकारान्त शब्दांची डोळ्यांना अडचण होते, कानाला होत नाही. हा ग्रंथ कानांसाठीच रचलेला आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधीच्या रोस विधीला बायका अजूनही ओव्या म्हणतात.