घोडा स्वस्तात पाळण्याच्या युक्त्या

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार मोठा. तापीकाठी एकमुखी दत्ताच्या पायावर डोकं ठेवायला गेलेली चांगली नोकरदार, प्लॉटिंगवाली, नुकतीच जमीन विकलेली माणसं येताना पिकअपमध्ये घोडा घालून आणतात. मग होळी होते, ऊन तापतं, कडब्याचे भाव चढतात आणि माझा फोन वाजू लागतो. “भाऊ, तुमच्याकडे पिढीजात घोडे. महिन्याचा खर्च जरा कमी कसा बसवायचा, सांगा ना.”

एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. गेल्या आठवड्यात रात्री अकरानंतर एक फोन आला, त्याने तर लिहिणं भागच पाडलं. त्याचं पुढे येईल.

सुरुवात खरेदीपासून. घोडा नुकराच घ्या. पांढराशुभ्र, कातडी गुलाबी, फोटोत उठून दिसतो. ती गुलाबी कातडी उन्हात भाजते म्हणतात, पण फोटो आपण संध्याकाळीच काढणार. देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा आहे का, बाकी केसांचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं आहे का, हे तासभर बघा. पाय उचलून खूर मात्र बघू नका आणि तोंड उघडून दातही मोजू नका. व्यापाऱ्याला वाईट वाटतं.

शिंगरू घेतलं तर आणखी स्वस्त. आणल्याबरोबर वर बसा. हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढा वेळ कोणाला आहे?

जागेचा खर्च शून्यावर आणता येतो. बंगल्याच्या पार्किंगमध्ये वर पत्रा असतोच. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढची-मागची दोरी, आवळून बांधलं की कुंपण नको, मोकळं रान नको. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या तिन्हींचं उत्तर आपण लहानपणी पाठ केलं होतं. पाठ केलेलं वापरायलाच पाहिजे असं कुठे आहे?

घोड्याची निगा राखणारा मोतद्दार ठेवू नका. वॉचमन रात्री जागाच असतो.

नाल ठोकणाऱ्या नालबंदावर होणारा खर्च तर निव्वळ उधळपट्टी. दर सहा-आठ आठवड्यांनी तो येणार, खूर तासणार, नाल बदलणार, चहा पिणार आणि पैसे घेऊन जाणार. खूर म्हणजे शेवटी नखच, वाढून वाढून किती वाढेल? पुढून चपलेसारखं वर वळेपर्यंत थांबायला हरकत नाही. नाल गळून पडली तर फेकू नका, दाराच्या चौकटीवर ठोका. घरात बरकत येते.

धनुर्वाताची लस टाळा. पार्किंगमध्ये गंजके खिळे असतात कुठे?

ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गाची तपासणी हा सरकारी माणसांचा नाद. रक्त काढायचं, ते प्रयोगशाळेत पाठवायचं, निकालाची वाट बघायची. आणि रोग निघाला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. मग मुळात कळूच कशाला द्या? हा रोग माणसालाही होतो हे खरं, पण तोवर घोड्याच्या नाकाला नाक लावलेलं तुमचं रील गावभर फिरलेलं असेल.

थोडी कमाईही होऊ शकते. लग्नसराईत वरातीला द्या. डीजेच्या भिंतीसमोर तीन तास उभा, पायाखाली गुळगुळीत डांबर, पोटाखाली फटाक्यांची माळ, पाठीवर कधी लगाम न धरलेला नवरदेव आणि नवरदेवापुढे त्याचा भाचा. घोडा बिचकला तर काटेरी लगाम घाला, बाजारात सहज मिळतो. त्याला १९६५च्या नियमांनी बंदी आहे, पण वरातीत नियम वाचतो कोण?

आता मुख्य खर्च, दाणावैरणीचा. टीव्हीवाल्यांनी दर यात्रेत दाखवलेलं असतं, की अमुक लाखांचा घोडा रोज इतकं दूध पितो, इतकं साजूक तूप खातो. ते बघून आपल्या पोटात गोळा येतो. काळजी नको. मोठ्या घोड्याला दूध लागत नाही, धड पचतही नाही. त्याला लागतो साधा चारा, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. साडेतीनशे किलोच्या जनावराला रोज साधारण सात किलो सुका चारा, म्हणजे महिन्याला दोनशे किलोच्या वर. तुडवून, ओला करून वाया घालवील तो वेगळा. वर चंदी म्हणजे दाणा, मीठ, आणि उन्हाळ्यात चाळीस लिटर पाणी. यात काटकसर करणाऱ्या एका साहेबांची युक्ती सांगतो, अगदी ताजी आहे.

साहेबांच्या बंगल्यामागे मंगल कार्यालय आहे. तिथे रोज उरतं. भात, पोळ्या, बुंदी, कधी पुरणही. आचाऱ्याशी बोलणं झालं आणि कडबा बंद झाला. घोडा आवडीने खातोय, अंगही धरतोय, असे व्हिडिओ मला यायचे. मी दोनदा सांगितलं, हे थांबवा. त्यावर अंगठा आला.

मग तो रात्रीचा फोन. “भाऊ, घोडा लोळतोय. मस्ती करतोय का?”

मस्ती! घामाने थबथबलेला, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघणारा, मागच्या पायाने पोटावर लाथा मारणारा घोडा मस्ती करत नसतो. त्याच्या पोटात शूळ उठलेला असतो. घोड्याला उलटी होत नाही. गाय पोटभर खाऊन रवंथ करते, घोड्याला तीही सोय नाही. एवढं धिप्पाड जनावर, पण जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. निसर्गाने त्याला दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं गवत चघळायला बनवलंय, बादलीभर बुंदी एका दमात गिळायला नाही. पिठूळ, गोड काही जास्त गेलं की ते आत आंबतं, वायू धरतो, आतडं पिळवटतं. मी फोनवर ओरडलो, “काही पाजू नका, खायला देऊ नका, डॉक्टर बोलवा.” तोवर मोबाइलवर बघून खायचा सोडा पाजून झाला होता. डॉक्टरांना फोन झालेला नव्हता, कारण “रात्रीची फी डबल घेतात ना.”

डॉक्टर मी नेले. नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, सलाइन लावलं, पहाटेपर्यंत आम्ही दोघं तिथे. घोडा वाचला. सकाळी साहेब आंघोळ करून बाहेर आले, बिल बघितलं आणि म्हणाले, “काही कमी नाही का होणार?”

तिसऱ्या दिवशी त्याच घोड्याच्या खुरांना हात लावला तर चटका बसत होता. पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभा, एक पाऊल टाकेना. जास्तीच्या पिठूळ खाण्याने खुराच्या आतला थर सुजतो, हाडाची पकड सुटते, कधीकधी ते हाड खाली तळव्याकडे फिरतं. पुढे महिनोन् महिने औषध, मऊ जमीन, दर काही आठवड्यांनी जाणकार नालबंद. साहेबांनी कडब्यात वाचवलेले सगळे पैसे तिथे गेले, आणि घोडा पुन्हा कधी दुडक्या चालीने चालेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

परवा साहेबांचा मेसेज आला: “भाऊ, तुम्हीच ठेवा, फुकट देतो.”

शेवटची युक्ती ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. रात्री गाडीत घालायचा आणि चार गावं पलीकडे रस्त्याकडेला सोडून यायचा. १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दहा ते पन्नास! घोड्याच्या सगळ्या खर्चात याच्याइतकं स्वस्त कलम दुसरं नाही. यात्रेत खोगिरावरच्या गोंड्यालाही याहून जास्त पैसे मोजलेत तुम्ही.

पुरे. माझ्याच्याने हे आता हसत लिहवत नाही.

अहो, परवडत नाही तर घेता कशाला? बुलेट घ्या, जीप घ्या, महिनाभर झाकून ठेवली तरी तिला भूक लागत नाही. आमच्याकडे पैसे कमी होते तेव्हा वडिलांनी दोन घोड्यांतला एक विकला, चांगल्या घरी बघून विकला. दोघांना अर्धपोटी ठेवलं नाही. यात्रेत लाखाची बोली लावताना मागे हटत नाही, फेटा बांधून मिरवता, आणि नालबंदाच्या चारशे रुपयांवर घासाघीस करता? घोडा बोलत नाही म्हणून सगळी काटकसर त्याच्याच पोटातून काढायची? बायको “यात्रेतून हे काय आणलंत” म्हणाली होती तेव्हाच तिचं ऐकायचं होतं.

ज्यांनी आणलाच आहे त्यांनी उद्या सकाळी नालबंदाला बोलवा, डॉक्टरांकडून धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध करून घ्या, ग्लँडर्ससाठी रक्त द्या, कडबा भरा, पिछाडी सोडा आणि रोज तासभर स्वतः फिरवून आणा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ज्याला जमेल त्याला घोडा आत्ताच द्यावा, लंगडा झाल्यावर नाही. आणि तो माझ्याच दारात आणून बांधायचा बेत असेल, तर येताना त्याच्या सहा महिन्यांच्या वैरणीचे पैसे रोख घेऊन या. उधारीवर मी आता फक्त सल्ला देतो, तोही हा शेवटचा.