दीर्घिकेचं बारसं पैसे देऊन होत नाही

एम १०१ या सर्पिल दीर्घिकेच्या (गॅलेक्सीच्या) देखण्या फोटोखाली एक मेसेज फिरतोय. म्हणे शास्त्रज्ञांनाच हिचं नाव ठरवता आलेलं नाही, म्हणून प्रत्येक यादीत वेगळा नंबर. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एका दीर्घिकेला ‘अलकनंदा’ नाव दिलं, तसं तुम्हीही देऊ शकता. पैसे भरा, ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’त बाळाचं नाव कायमचं लागेल, आणि गच्चीवरून ती दाखवताही येईल. आमच्या काकू नातीच्या बारशाला हे प्रमाणपत्र द्यायला निघाल्यात, म्हणून हा खटाटोप.

आधी पैशांचं. ती नोंदवही विकणाऱ्याच्या घरची. खगोलीय नावांबाबत जगभर मानतात ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला, आणि संघाने स्वच्छ सांगितलंय: ताऱ्यांची नावं विकत मिळत नाहीत, विकलेल्या नावांना कसलीही अधिकृत मान्यता नाही, तारकागुच्छ आणि दीर्घिकांनाही हेच लागू. तरी शंका असेल तर स्ट्रासबर्गच्या ‘सिम्बाद’ या मोफत डेटाबेसमध्ये ‘एम १०१’ शोधा. तिचं स्थान आणि क्रमांकांची लांबलचक यादी येईल. मग प्रमाणपत्र घेतलेल्या कुणाचंही ‘नाव’ टाकून बघा.

आता ते क्रमांक. तुमच्याकडे आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र आहे म्हणून तुम्ही कोण यावर सरकारात वाद चाललाय का? अठराव्या शतकातल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेस्येच्या यादीत ती १०१, म्हणून ‘एम १०१’. खगोलशास्त्रज्ञ ड्रायरच्या १८८८च्या एनजीसी या यादीत, विषुवांशाच्या (आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानाच्या) क्रमाने, ५४५७. उत्तर आकाशातल्या मोठ्या दिसणाऱ्या दीर्घिकांच्या १९७३च्या यूजीसी या यादीत ८९८१. पुढे पीजीसी या दीर्घिकांच्या यादीत ५००६३.

हल्लीच्या सर्वेक्षणांत लाखो दीर्घिका सापडतात, तिथे स्थानच नाव होतं. एम १०१चा विषुवांश १४ तास ३ मिनिटं १२.५८ सेकंद, क्रांती, म्हणजे उत्तर-दक्षिण स्थान, +५४ अंश २० कला ५५.५ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). पूर्ण सेकंद-विकलांपर्यंत लिहिलं तर नाव जे१४०३१२+५४२०५५. नियम असा की उरलेले दशांश छाटायचे, जवळच्या पूर्णांकात न्यायचे नाहीत. एकाने १२.५८चे १३ केले की एकाच दीर्घिकेची दोन नावं झाली. सुरुवातीचा ‘जे’ विसरणं त्याहून वाईट. ‘जे’ म्हणजे स्थानं मोजायची सन २०००ची चौकट, ‘बी’ म्हणजे १९५०ची. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे, म्हणजे भोवऱ्यासारख्या संथ डुलण्यामुळे, या दोन चौकटींत हिची क्रांती १४ कलांहून जास्त बदलते, म्हणजे चंद्रबिंबाच्या जवळपास निम्मी. दुर्बीण भलतीकडेच बघत बसेल.

घोळ होतात, हे मान्य. मेस्येचा १०२ क्रमांक म्हणजे चुकून पुन्हा नोंदलेली १०१च, असं १७८३मध्ये मेस्येचा सहकारी मेशेन याने स्वतः पत्रात लिहिलं, आणि १०१ शोधलीही त्यानेच होती. एनजीसी ५४६१, ५४६२, ५४७१ हे स्वतंत्र क्रमांक तर तिच्याच भुजांमधल्या वायुमेघांचे आहेत. आजचं सॉफ्टवेअरही भुजेतल्या तेजस्वी ठिपक्याला कधीकधी वेगळी दीर्घिका समजतं. पण या चुका दुरुस्त करायच्या असतात, त्यांत नाव खुपसायला जागा नसते.

अलकनंदाही खरी. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या दोघा संशोधकांनी २०२५मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ती शोधली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची सर्पिल दीर्घिका! शोधणाऱ्यांनी शोधनिबंधात आपल्या दीर्घिकेला लाडाचं नाव दिलं. त्यासाठी पावती फाडली नाही.

राहिली गच्ची. सप्तर्षीतले वसिष्ठ आणि मरीची धरून जवळपास समभुज त्रिकोण केला की तिसऱ्या कोपऱ्याशी एम १०१. तिची एकूण प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) ७.९, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या पलीकडे, आणि तो प्रकाशही जवळपास चंद्रबिंबाएवढ्या जागेत पसरलेला. मे महिन्यात, चंद्र नसताना, शहरापासून खूप लांब गेलात तर १०×५०च्या द्विनेत्रीत धुरकट डाग दिसेल. काकूंच्या गच्चीवर बिल्डिंगचा हॅलोजन दिसेल.